बालवादकाचा हात मोठा होतो तेव्हा

व्हायोलिनवादक यहूदी मेन्युहिन सात वर्षांचा असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदासोबत वाजवू लागला. 1927मध्ये, अकराव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेथोव्हेनचा कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची मोठी रचना, वाजवला. 1929मध्ये बर्लिनला एकाच मैफलीत बाख, बेथोव्हेन आणि ब्राम्स या तिघांचे कॉन्चेर्तो झाले. त्याच काळात बेल्जियमचे थोर वादक इझाई यांनी त्याला ए मेजर या स्वरमालेचा चार सप्तकांचा साधा आर्पेजिओ, म्हणजे एका स्वरसंघातले स्वर एकामागून एक, वाजवायला सांगितला, आणि मुलगा अडखळला.

यात नवल नाही. लहान मूल कानाने शिकते. हवा तो स्वर मनात असतो आणि हात त्याच्या मागे जातो. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर तारेची कंपणारी लांबी सुमारे 328 मिलिमीटर असते. मोकळ्या तारेनंतरचा पूर्णस्वर (सा ते रे एवढा चढ) 36 मिलिमीटरवर सापडतो. अर्ध्या मापाच्या व्हायोलिनवर तो 31च्या आसपास, आणि पूर्ण मापावरच एक सप्तक वर गेले की पूर्णस्वराचे अंतर 18 मिलिमीटर उरते. बोटांना जागा दाखवणारे सतारीसारखे पडदे या वाद्याला नाहीत. बोट एक मिलिमीटर चुकले तरी तयार कानाला ते कळते. वाद्य बदलले की मुलाचा कान हे सगळे जुळवून घेतो. 1995मधल्या एका जर्मन अभ्यासात तंतुवादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांचा भाग विस्तारलेला दिसला. जितक्या लहान वयात सुरुवात, तितका विस्तार जास्त.

खरी अडचण गजाच्या, म्हणजे तारेवर घासायची केस ताणलेली काठी धरणाऱ्या, हाताची. गज जेमतेम 60 ग्रॅमचा. मुठीजवळ वाजवताना त्याचे वजन तारेवर पडते, ते करंगळीने उचलून धरावे लागते. टोकाजवळ ते पुरत नाही, तर्जनीने दाब द्यावा लागतो. ए तार सेकंदाला 440 वेळा गजाच्या राळ लावलेल्या केसांना चिकटते आणि सुटते. दाब जास्त झाला की ती वेळेवर सुटत नाही, खरखर येते. कमी पडला की स्वर पोकळ होतो. तारा तोलून धरणाऱ्या घोडीजवळ सरकावे तसा जास्त दाब लागतो. अंगठा ताठ झाला की ताण मनगटातून खांद्यापर्यंत चढतो आणि लांब, हळू गज थरथरू लागतो. लवचीक लहान हात हे नकळत सांभाळतो. हाडे वाढली, वर्षाला शंभर कार्यक्रम होऊ लागले, की 'कसे' हे माहीत नसलेल्या वादकाला बिघाड कुठे झाला तेच शोधता येत नाही.

मेन्युहिनचे तेच झाले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी पाचशेहून अधिक कार्यक्रम केल्यावर त्याचा गज बिथरू लागला. मग त्याने प्रत्येक हालचाल सुटी करून तपासली. 1952मध्ये भारतात आल्यावर त्याची मुंबईत पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी भेट झाली. 1954मध्ये त्याने त्यांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले. छाती, खांदे, मान यांतला ताण सोडायला तो योगामुळे शिकला, आणि या ऋणाचा त्याने जाहीर उल्लेख केला.

1963मध्ये त्याने इंग्लंडमध्ये मुलांसाठी संगीतशाळा काढली. पुढे तो शिकवताना सुरुवात वाद्याविना करायचा: आधी उभे राहणे, श्वास, हातांचे झोके, मग रिकामा गज, आणि व्हायोलिन त्यानंतर.