न झालेल्या भूकंपाचं वर्ष

२०२४ मध्ये जपानात काय काय घडलं हे लिहायला बसलं, तर पहिल्या वीस दिवसांतच पान भरतं. १ जानेवारीला नोतो द्वीपकल्पात भूकंप. दुसऱ्या दिवशी टोकियोच्या हानेदा विमानतळावर दोन विमानांची टक्कर. जपान एअरलाइन्सच्या एअरबसमधले सगळे ३७९ जण जळत्या विमानातून सुखरूप बाहेर पडले, पण नोतोसाठी मदत घेऊन निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला. २० तारखेला चंद्रावर यान उतरलं. तरीही त्या वर्षातली विज्ञानाच्या दृष्टीने सगळ्यात विचार करायला लावणारी घटना माझ्या मते ऑगस्टमधली आहे, आणि गंमत म्हणजे त्या आठवड्यात ज्याची धास्ती होती ते झालंच नाही.

आधी नोतो. नववर्षाची सुट्टी, घरं पाहुण्यांनी भरलेली, दुपारचे ४ वाजून १० मिनिटं. ७.६ तीव्रतेच्या या धक्क्याने वाजिमा गावाच्या पश्चिमेचा किनारा काही ठिकाणी सुमारे ४ मीटर वर उचलला गेला. मासेमारी बंदरांमधलं पाणी निघून गेलं, तळ उघडा पडला आणि बंदराच्या भिंतींवर आदल्या दिवशीपर्यंत पाण्याखाली असलेलं शेवाळ वाळून पांढरं पडलं. या किनाऱ्यावर जुन्या, सपाट पायऱ्या दिसतात. गेल्या काही हजार वर्षांत जमीन अशीच झटक्याझटक्याने वर आल्याच्या त्या खुणा आहेत.

इथे २०२० च्या अखेरीपासून लहान भूकंपांची माळ लागली होती. खोलातून वर झिरपणारं पाणी खडकांमधल्या भेगांवर दाब आणतं, घर्षण कमी करतं आणि भेगा सरकतात, असं बहुतेक संशोधकांचं मत आहे. मे २०२३ मध्ये ६.५ चा धक्काही बसून गेला होता. तरीसुद्धा भूकंपाच्या राष्ट्रीय नकाशात पुढच्या ३० वर्षांत इथे जोरदार हादरे बसण्याची शक्यता ३ टक्क्यांहून कमी दाखवलेली होती. हा नकाशा चुकला असं म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. ३ टक्के म्हणजे शून्य नव्हे. अडचण अशी की असा आकडा वाचणारा माणूस मनातल्या मनात त्याचा शून्यच करून टाकतो.

चंद्रावरची गोष्ट त्या मानाने आनंदाची. ‘स्लिम’ हे जपानी यान ठरलेल्या जागेपासून केवळ ५५ मीटरवर उतरलं. आपल्या चंद्रयान-३ साठी उतरण्याची पट्टी ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद आखली होती, यावरून या नेमकेपणाची कल्पना यावी. जमिनीपासून ५० मीटरवर असताना दोनपैकी एका इंजिनाचं तोंडच गळून पडलं आणि यान नाकावर आपटून उभं राहिलं. ते कुठे पडलं हे दाखवणारं चित्र जपानी अवकाश संस्थेने प्रसिद्ध केलं, त्याखाली चंद्रयान-२ आणि इस्रोचं नाव आहे. त्या परिसराचं छायाचित्र आपल्या यानाने काढलेलं होतं.

बाकीचं वर्ष पटकन सांगतो. फेब्रुवारीत ‘एच-३’ हा नवा अग्निबाण दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी झाला. ७ नोव्हेंबरला फुजी पर्वतावर मोसमातला पहिला बर्फ दिसला. १८९४ पासूनच्या नोंदींमध्ये इतका उशीर कधीच झाला नव्हता. त्याच दिवशी फुकुशिमाच्या अणुभट्टीतून वितळलेल्या इंधनाचा पहिला कण काढण्याचं काम पुरं झालं. वजन जेमतेम ०.७ ग्रॅम. तिथल्या तीन भट्ट्यांत मिळून असं सुमारे ८८० टन पडून आहे.

आता ऑगस्ट. ८ तारखेला दुपारी नैर्ऋत्य जपानातल्या क्यूशू बेटाजवळच्या ह्यूगानादा समुद्रात ७.१ चा भूकंप झाला. नुकसान बेताचं होतं. प्रश्न जागेचा होता. मध्य जपानातल्या सुरुगा आखातापासून इथपर्यंत नानकाई ही सागरी घळ पसरलेली आहे. तिथे फिलिपिन्स समुद्राचा भूपट्ट जपानच्या खाली दर वर्षी काही सेंटिमीटरने सरकतो आणि वरचा पट्ट ओढून ताणत नेतो. हा ताण शतक-दीड शतकाने सुटतो, आणि कधीकधी दोन हप्त्यांत: १८५४ मध्ये दोन महाभूकंपांत साधारण ३२ तासांचं अंतर होतं, १९४४ आणि १९४६ च्या भूकंपांत दोन वर्षांचं. म्हणजे एक टोक हललं की दुसऱ्याकडे डोळे लावून बसायचं, पण किती वेळ हे कोणालाच सांगता येत नाही.

तज्ज्ञांकडे होती ती जगभरातली आकडेवारी. १९०४ ते २०१४ या काळात ७ किंवा त्याहून मोठे १,४३७ भूकंप झाले, त्यांतल्या ६ प्रसंगी आठवड्याभरात जवळच ७.८ किंवा त्याहून मोठा भूकंप आला. २०११ चा ईशान्य जपानातला तोहोकू महाभूकंप त्यांतलाच, दोन दिवस आधी ७.३ चा धक्का बसला होता. एरवी आठवड्यात हजारात एक असलेली शक्यता आता काहीशेत एक झाली होती. संध्याकाळी हवामान खात्याने ‘महाभूकंपाबाबत सावध राहा’ असा इशारा दिला. २०१९ मध्ये ही पद्धत सुरू झाल्यापासूनचा पहिलाच.

गाव सोडा असं कोणी सांगितलं नाही. उशाशी बूट ठेवा, पाणी भरून ठेवा, कुठे पळायचं ते घरात ठरवा, इतकंच. पण पूर्वजांच्या स्मरणाच्या ओबोन सणाच्या ऐन सुट्ट्या होत्या. शिराहामा या पर्यटनस्थळाचा समुद्रकिनारा बंद झाला, हॉटेलांची आरक्षणं रद्द झाली, शिंकानसेन ही बुलेट ट्रेन काही टप्प्यात हळू धावली, पंतप्रधान किशिदांनी मध्य आशियाचा दौरा सोडला आणि आधीच टंचाई असलेला तांदूळ दुकानांतून आणखी दिसेनासा झाला. १५ ऑगस्टला इशारा मागे घेतला गेला. मग अर्थातच टीका झाली: उगाच घाबरवलं.

मला ही टीका पटत नाही. काहीशेत एक म्हणजे बहुतेक वेळा काही होणार नाही, हे त्या इशाऱ्यातच लिहिलेलं होतं. काही झालं नाही म्हणून इशारा खोटा ठरत नाही, जसा नोतो हादरलं म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. टीकेला जागा आहे ती दुसरीकडे: किनारा बंद करायचा की नाही, हा निर्णय त्या त्या गावावर सोडला होता आणि गावांकडे त्यासाठी काही निकष नव्हते.

१३ जानेवारी २०२५ च्या रात्री ह्यूगानादा पुन्हा हादरलं. तज्ज्ञांची समिती लगेच बसली. भूकंप ७ च्या खालचा निघाला, आणि या वेळी इशारा दिला नाही.