मेंदूतील इजेचे झटपट मापन

पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूचा किती भाग निकामी झाला किंवा किती रक्त साचले, याचा स्कॅनवरून मिनिटभरात काढलेला अंदाज. बोलीत ज्याला लकवा म्हणतात, तो दोन कारणांनी येतो: रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते. मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या लोकसंख्याधारित पाहणीत सुमारे ८० टक्के झटके गुठळीचे निघाले. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात, तोंड वाकडे, हात लुळा. उपचार मात्र एकमेकांच्या उलट असतात, म्हणून आधी सीटी स्कॅन. तो होतो न होतो तोच नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, केवढा झटका आलाय?’

रक्तस्राव असेल तर या ‘केवढा’चे उत्तर साध्या पट्टीने देता येते. ‘एबीसी बाय टू’ ही रीत अमेरिकेतील सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये तपासून मांडली. सीटी मेंदूची चित्रे पावाच्या चकत्यांसारख्या पातळ कापांत दाखवतो. ज्या कापात रक्ताचा डाग सर्वांत मोठा, त्यावर त्याची कमाल लांबी मोजायची (ए), तिला काटकोनात रुंदी (बी), आणि डाग जितक्या कापांत दिसतो त्यांची जाडी मिळून उंची (सी). मोठ्या डागाच्या पाऊणपटीहून अधिक क्षेत्र असलेला काप पूर्ण धरायचा, पाव ते पाऊण असेल तर अर्धा, पावपेक्षा कमी असेल तर सोडून द्यायचा. तिघांचा गुणाकार करून निम्मा केला की झाले. लंबगोलाचे घनफळ तीन व्यासांच्या गुणाकाराच्या ०.५२ पट असते, त्या ०.५२ च्या जागी इथे सरळ अर्धा धरला आहे.

समजा, लांबी ५ सेंटिमीटर, रुंदी ४. काप ५ मिलिमीटरचे, डाग आठ कापांत. पाच पूर्ण, दोन अर्धे, एक सोडलेला. म्हणजे सहा काप, उंची ३ सेंटिमीटर. साठाचे निम्मे ३० मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाची जेमतेम तीन झाकणे. पण २००१ पासून वापरात असलेल्या रक्तस्राव-गुणांकनात, म्हणजे रुग्णाचा धोका गुणांत मांडणाऱ्या पद्धतीत, याच आकड्यापासून धोक्याचा एक गुण वाढतो. डाग वेडावाकडा असेल तर ही रीत फसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरील रुग्णांत असे डाग अधिक दिसतात, आणि तिथे दोनऐवजी तीनने भागावे असेही सुचवले गेले आहे.

गुठळीच्या झटक्यात काम अवघड होते, कारण पहिल्या काही तासांत सीटी जवळजवळ कोराच दिसू शकतो. तेव्हा ‘अ‍ॅस्पेक्ट्स’ हे कॅनडातील अल्बर्टात तयार झालेले आणि २००० साली प्रसिद्ध झालेले गुणांकन उपयोगी पडते. मेंदूच्या मधल्या धमनीतून रक्त मिळणाऱ्या पट्ट्याचे दहा भाग पाडायचे आणि जिथे करड्या-पांढऱ्या भागांतील सीमा पुसट झाली असेल, तिथला एक गुण वजा करायचा. दहा म्हणजे इजा दिसत नाही, शून्य म्हणजे सगळा पट्टा गेला. यात मोजमाप नाही, नजर आहे. एवढीशी अंतर्गत संपुटी (मेंदूच्या आतला तंतूंचा अरुंद पट्टा) आणि बाह्यपटलाचा, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराचा, भलामोठा तुकडा, दोघांना एकच गुण. तरीही ते टिकले, कारण घाई खरीच आहे: मोठी धमनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ चा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच द्यावे लागते. ही वेळ रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. ‘सकाळी उठले तेव्हा असे होते’ म्हटले की घड्याळ रात्रीपासून धरायचे.

मुंबईत रुग्णाचा पहिला स्कॅन अनेकदा दुसरीकडे झालेला असतो. कल्याणला काढलेली फिल्म घेऊन माणसे परळच्या केईएमला किंवा शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात येतात. कधी फिल्मआधी तिचा मोबाइलवर काढलेला फोटोच पोचतो. फोटोत कडेची सेंटिमीटरची पट्टी कापली गेली असेल तर लांबी-रुंदी मोजता येत नाही. तिच्याइतकीच कोपऱ्यात छापलेली वेळही महत्त्वाची. रक्ताचा डाग पहिल्या काही तासांत वाढू शकतो; सकाळी नऊचे ३० मिलिलिटर दुपारी बारालाही तेवढेच असतील असे धरता येत नाही, स्कॅन पुन्हा करून पुन्हा मोजावे लागते.