बाल कल्याण समितीत बोलावलंय अन् समोर माजी सरकारी वकील बसणार आहेत? नागपुरात तयारी कशी करायची ते सांगतो

काही वर्षांआधी माझ्या मावसबहिणीचा पोरगा घरी भांडण झालं म्हणून निघून गेला अन् रेल्वे स्टेशनवर पोलिसांना सापडला, तिथून बाल कल्याण समितीसमोर (सापडलेलं, सांभाळाची गरज असलेलं मूल कोणाकडे ठेवायचं ते ठरवणारी समिती) अन् मग बालगृहात. ताईला वाटलं आधार कार्ड दाखवलं की पोरगं हातात देतील. पहिल्या तारखेला तिनं रडत रडत सासरची सगळी कहाणी सुरू केली, तर समोरच्या मॅडम, ज्या आधी सरकारी वकील होत्या, त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "तो घरून निघाला ती तारीख कोणती आणि तेव्हा घरात कोण होतं?" ताईला सांगताच येईना. मुद्दा सगळा तिथंच आहे म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. सगळे त्यांना 'जज मॅडम', 'जज साहेब' म्हणतात, पण हे कोर्ट नाही, समिती आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २७ प्रमाणे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक बाई पाहिजेच. मात्र समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, म्हणून 'समितीच तर आहे' असं समजून हलक्यात घेऊ नका. सदस्य व्हायला मानसशास्त्र, समाजकार्य, शिक्षण, कायदा अशा विषयातली डिग्री लागते आणि मुलांसंबंधीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव किंवा त्या क्षेत्रातली चालू प्रॅक्टिस, त्यामुळे वकिली केलेली माणसं तिथं दिसतात यात नवल काही नाही.

आता माजी सरकारी वकिलाचा फरक काय पडतो. ज्या माणसानं वर्षानुवर्षं फौजदारी खटले चालवले त्याच्या डोक्यात एक साचा बसलेला असतो, कधी घडलं, कुठं घडलं, कोणी पाहिलं, कागद कुठाय. तुम्ही म्हणाल "तो खूप मारायचा जी", लगेच प्रश्न येणार की तुम्ही स्वतः पाहिलं का कोणी सांगितलं. पाहिलेलं आणि ऐकलेलं हे दोन वेगळे ठेवा, घरी बसूनच वेगळे करा. एकच प्रश्न दोनदा फिरवून विचारतील, त्याचा अर्थ तुम्हाला खोटं ठरवायचंय असाच होत नाही, उत्तर जुळतं का ते पाहतात. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा, ते चालतं. अंदाजानं तारीख ठोकली आणि ती पोलिसांच्या रिपोर्टशी जुळली नाही की मग तुमच्या खऱ्या गोष्टीवरही शंका येते. आणि हो, तुम्ही आरोपी नाही. प्रश्नांचा सूर उलटतपासणीसारखा वाटला तरी समितीनं ठरवायचं एकच असतं, पोराचं हित कशात आहे. हे डोक्यात पक्कं असलं की माणूस चिडत नाही.

कायदा तुमच्या बाजूनं किती आहे तेही माहीत असू द्या. कलम ३ मधल्या तत्त्वांमध्ये स्पष्ट आहे की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि कुटुंबात परत पाठवणं ही दिशा. पण समोरच्यांना नुसतं "आम्ही नीट सांभाळू" नको असतं. ताई बुटीबोरी एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला होती, नाईट असली की पोरगा कोणाजवळ? हा प्रश्न येणारच होता. दुसऱ्या तारखेला आम्ही एका कागदावर लिहून नेलं, सकाळी कोण, शाळेतून कोण आणतं, रात्री आजी येऊन झोपते, आजीचा फोन नंबर, आजीचं आधार झेरॉक्स. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. माझ्या मते त्या दिवशी अख्ख्या फाइलीतला सगळ्यात कामाचा कागद तोच होता.

प्रोसेस थोडक्यात. मूल सापडल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, समितीसमोर आणावं लागतं. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यासमोरही आणता येतं. मग चौकशी. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत, असं कलम ३६ सांगतं. अंतिम आदेशाला किमान तीन सदस्य हजर पाहिजेत, म्हणून कधी कोणी सुट्टीवर असलं तर तारीख पुढं जाते, वैतागू नका. अर्जाला फी नाही. साध्या कागदावर मराठीत लिहा, मूल कोण, तुम्ही कोण, नातं काय, मूल परत ताब्यात का द्यावं, खाली कागदांची यादी. द्यायचं ठरलं की तुमच्याकडून हमीपत्र लिहून घेतात.

यातला तपासणी अहवाल हलक्यात घेऊ नका. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा सामाजिक कार्यकर्ते घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात, शाळेत विचारतात. माजी सरकारी वकील हा अहवाल आधी वाचून बसतात आणि तुमचं बोलणं त्याच्याशी ताडून पाहतात, म्हणून घरी आलेल्या माणसाला एक आणि समितीला दुसरं असं करू नका. नवरा दारू पितो हे अहवालात येणारच असेल तर तुम्हीच आधी सांगा आणि त्यावर काय केलं तेही सांगा. लपवलेलं निघालं तर फार जड जातं.

कागदं. मुलाचा जन्म दाखला पहिला. महापालिकेच्या हद्दीत जन्म असेल तर आपल्या झोन ऑफिसात चौकशी करा (धरमपेठ, हनुमाननगर, आशीनगर, मंगळवारी वगैरे दहा झोन आहेत), गावातला असेल तर ग्रामपंचायत. वयाबाबत कलम ९४ आहे, शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका किंवा पंचायतीचा जन्म दाखला, दोन्ही नसेल तेव्हाच वैद्यकीय तपासणी. आधारचं नाव त्या यादीत नाही, आधारवरची जन्मतारीख घेऊन वाद घालत बसू नका. शाळेचं बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांचे काही पेपर असतील तर ते. तुमचं ओळखपत्र, रेशन कार्ड ज्यात मुलाचं नाव आहे, लाइटचं बिल किंवा भाडेकरार, पगाराची स्लिप नाहीतर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, तो सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतो. आईवडलांपैकी कोणी वारलं असेल तर मृत्यू दाखला, फारकत झाली असेल तर कोर्टाचा आदेश, ताबा कोणाकडे ते त्यात लिहिलेलं असतं.

तुम्ही आईबाप नसून मावशी, काका, आजोबा असाल तर नातं सिद्ध करावं लागतं आणि इथंच लोक अडकतात. मावशीनं स्वतःचा आणि मुलाच्या आईचा, दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले लावायचे, दोन्हींवर वडलांचं नाव एकच दिसतं, काम होतं. मुलासोबतचे जुने फोटो, लग्नातले, वाढदिवसाचे, मागं तारीख लिहून. आईबाप हयात असतील तर त्यांचं संमतीपत्र. सगळ्याचे झेरॉक्स तीन सेट, ओरिजिनल वेगळ्या पिशवीत, आणि तारखांचं एक पान सगळ्यात वर: मूल कधी निघालं, मिसिंगची तक्रार कधी दिली, फोन कधी आला, पहिली हजेरी कधी. खटले चालवलेल्या माणसाला असं पान हातात दिलं की अर्धे प्रश्न तिथंच संपतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पोराला पढवू नका, प्लीज. मुलाशी समिती वेगळं बोलते आणि त्याला ज्यांच्यासमोर मोकळं वाटेल तेवढीच माणसं खोलीत असावीत असा नियम आहे, तिथं साक्षीदाराचा पिंजरा नसतो, उंच स्टेज नसतो, समोरासमोर बसून बोलतात. दहा वर्षांचं लेकरू "आईनं सांगितलं असं म्हण" हे पाच मिनिटांत बोलून मोकळं होतं. बालगृहात भेटायला गेलात तर केसचं काही बोलू नका, शाळेचं बोला, त्याच्या मित्रांचं बोला. खाऊ द्यायचा असेल तर अधीक्षकांना विचारून.

वकील लागतोच असं नाही, पण भीती वाटत असेल किंवा समोर कोणी ताब्यासाठी भांडतंय तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाइन १५१००. ओळखीच्या नगरसेवकाला मात्र सोबत नेऊ नका, ज्याचा केसशी संबंध नाही त्याला आत बसता येत नाही आणि बाहेरून फोन लावून दबाव आणायला गेलात तर माजी सरकारी वकील ते अजिबात खपवून घेणार नाहीत.

मोबाइल सायलेंट. पोराचा फोटो किंवा नाव टाकून 'न्याय द्या' वाली व्हॉट्सअॅप पोस्ट तर बिलकुल नको, कलम ७४ मध्ये मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, मग तुम्ही सख्खे मामा का असेना. मे महिन्यातली तारीख असेल तर पाण्याची बाटली ठेवा, नंबर कधी येईल सांगता येत नाही.

घरची गरिबी हेच मूळ कारण असेल तर ते सांगायला लाजू नका. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अनाथ किंवा एकच पालक असलेल्या मुलांना वगैरे, आणि मंजुरी याच समितीतून जाते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. बाकी कागदं वरचीच, फक्त घरासमोर मुलासोबत काढलेला पालकांचा फोटो आणि बँक पासबुक वाढतं.

आदेश मनासारखा नाही आला तर तिथं वाद घालू नका, आदेशाची प्रत मागा. आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील होतं, पालनपोषण म्हणजे फॉस्टर केअर (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि प्रायोजकत्वाचे (मुलाच्या खर्चाला पैशाची मदत) निर्णय असतील तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण त्यावर विसंबू नका. समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल तर तीही जिल्हाधिकाऱ्यांकडेच जाते.

आणि पोरगं घरी आलं तरी फाइल लगेच बंद होतेच असं नाही, देखरेखीची अट असेल तर अधिकारी भेटी देतात. ताईनं मध्येच घर बदललं आणि कळवलं नाही, अधिकारी जुन्या पत्त्यावर जाऊन कुलूप पाहून आले अन् पुन्हा बोलावणं आलं. पत्ता किंवा नंबर बदलला की त्याच आठवड्यात एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि पोच घ्या.