पऱ्हाटीतले जिवाणू : कल्चर, बीटी आणि चोर बीटीची पार्श्वभूमी

मे संपत आला की कृषी केंद्रावर गर्दी सुरू होते आणि दरवर्षीच्या त्याच चर्चा, कोणती बॅग चालते, खताची लिंकिंग (एका खतासोबत दुसरं गळ्यात मारणं) किती, यंदा बोंडअळी येणार का. यात एक गोष्ट कोणी बोलतच नाही, की बोंडअळी मारणाऱ्या पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या बियाण्याची, बीटीची बॅग असो, सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं कल्चर (जिवंत जिवाणूंचं पाकीट) असो नाहीतर मंजुरी नसल्यानं लपूनछपून येणारं चोर बीटी असो, तिन्हीच्या मुळाशी जिवाणूच आहेत. बीटी फेल गेलं, बीटीनं वाटोळं केलं असं आपण पारावर बसून म्हणतो, पण दोष जिवाणूचा की तो ज्या पद्धतीनं आपल्या वावरात आणला त्या निर्णयाचा, हे मागचं माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. माझं मत आधीच सांगतो, दोष निर्णयाचा आहे, आणि तो का ते खाली येईलच.

फार मागचं थोडक्यात. १६७० च्या दशकात हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या एका कापड व्यापाऱ्यानं स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले आणि लंडनला पत्रं पाठवून कळवलं. पुढची जवळपास दोनशे वर्षं हे जीव करतात तरी काय हा प्रश्न तसाच राहिला. १८५७ पासून फ्रान्समधे दूध आंबणं, दारू नासणं याचं कारण सापडत गेलं, आणि १८७६ मधे जर्मनीतल्या एका लहान गावच्या डॉक्टरनं काळपुळीचा जंतू वेगळा वाढवून दाखवला, म्हणजे अमुक जंतूमुळे अमुक रोग याचा पहिला पक्का पुरावा गुराढोरांच्या रोगातून आला, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. मग १८८२ ला टीबी, १८८४ मधे कलकत्त्यात पटकीच्या जंतूवरचं काम, १८९६ ला मुंबईत प्लेग आणि १८९७ मधे मुंबईतच तयार झालेली त्याची लस. गावोगाव जंतू म्हणजे रोग ही समजूत बसली ती याच काळात, आणि पावसाळ्याच्या आधी गुरांना घटसर्प-एकटांग्याची लस टोचणारे आपण सगळे अजून त्याच समजुतीत आहोत.

पण त्याच वर्षांमधे मातीतल्या जिवाणूंचं काम चालू होतं आणि शेतकऱ्यासाठी खरं मोठं काम तेच. १८८६ मधे जर्मनीत दाखवलं गेलं की द्विदल पिकाच्या मुळावरच्या गाठी म्हणजे रोग नाही, तिथून पिकाला हवेतला नत्र मिळतो. १८८८ मधे एका डच संशोधकानं त्या गाठीतला जिवाणू वेगळा काढला आणि दहा वर्षं व्हायच्या आत त्याचं कल्चर विकायला पण आलं. हवेत ७८ टक्के नत्र आहे पण झाडाला तो असा घेता येत नाही, युरियाच्या कारखान्यात तोच नत्र पकडायला चारशे-पाचशे डिग्री तापमान आणि प्रचंड दाब लागतो, आणि हा जिवाणू ते काम जमिनीच्या नेहमीच्या तापमानात करतो, मोबदल्यात झाडाकडून साखर घेतो.

आता सोयाबीन हे आपल्याकडचं जुनं पीक नाही. ज्वारी, मूग, उडीद, तूर, पऱ्हाटी हे जुनं. सोयाबीन विदर्भात पसरलं ते गेल्या तीस-चाळीस वर्षांत, आणि त्याच्या गाठीत राहणारा जिवाणू तुरीच्या-मुगाच्या जिवाणूपेक्षा वेगळा, त्यामुळे ज्या वावरात कधी सोयाबीन झालंच नाही तिथे तो पुरेसा असेलच याची खात्री नसते. म्हणून दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम कल्चर, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं अशी शिफारस आहे. क्रम पण ठरलेला, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. उलटं केलं की जिवाणू मरतात. आणि दुकानात टिनाच्या छपराखाली मे महिन्यात ४५ डिग्रीत पडून राहिलेलं पाकीट असेल तर आत काय जिवंत उरलं असणार. कल्चरनं काही फरक पडत नाही असं जे ऐकू येतं त्यातलं बरंच इथून येतं असं मला वाटतं. खात्री करायची असेल तर पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी एक झाड ओढू नका, खुरप्यानं मातीसकट काढा (ओढलं की गाठी जमिनीतच तुटून राहतात), मुळं पाण्यात हलवून धुवा आणि मोठी गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल निघाली तर ती काम करते आहे, तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीच्या द्रव्याचा असतो. हिरवट नाहीतर पांढरी निघाली तर ती नुसती बसून आहे.

बाकीची कामं तर मोजायला नको इतकी. उकिरड्यातलं शेण कुजून खत होतं ते, गायीच्या पोटात सोयाबीनचं कुटार पचतं ते, विरजण लागतं ते. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जातो.

बीटीची गोष्ट सुरू होते जपानमधे, १९०१ साली. रेशमाचे किडे अचानक पटापट मरायला लागले आणि त्यांच्यात एक जिवाणू सापडला. १९११ मधे जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतात पिठातल्या अळीत तोच परत सापडला आणि १९१५ मधे त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव पडलं, आपलं बीटी ते हेच. म्हणजे सुरुवातीला हा रेशीमवाल्यांचा शत्रू होता, आणि भंडारा-गडचिरोलीकडे कोशाचं उत्पन्न घेणाऱ्यांना आजही याची फवारणी आपल्या आसपास नकोच असते. १९३८ मधे फ्रान्समधे याची पावडर फवारायला बाजारात आली. तिच्यावर जगभर सेंद्रिय शेतीवाल्यांचा पण आक्षेप नाही, कारण तिची काम करायची पद्धत फार नेमकी आहे. जिवाणू बीजाणू तयार करताना सोबत प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो, अळीनं पान खाल्लं की तिच्या अल्कधर्मी आतड्यात तो विरघळतो, आतड्याच्या आवरणाला चिकटून त्याला भोकं पाडतो, अळी खाणं सोडते आणि दोन-चार दिवसांत मरते. माणसाच्या, गुराच्या पोटात त्याला चिकटायला ती जागाच नाही. अडचण एवढीच की उन्हानं पावडर लवकर निकामी होते आणि बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत पोचत नाही.

म्हणून तो स्फटिक बनवणारं जनुकच झाडात टाकायचं ही कल्पना आली. १९८१ मधे जनुक वेगळं काढलं, १९८७ मधे तंबाखूच्या झाडात टाकून दाखवलं, १९९६ मधे अमेरिकेत बीटी कापूस वावरात आला. आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं ते आठवणारे अजून पुष्कळ आहेत, हिरवी म्हणजे अमेरिकन बोंडअळी कोणत्याच औषधाला दाद देत नव्हती, औषधावर औषध मिसळून फवारे चालले होते आणि उधारी वाढत चालली होती. २००१ मधे गुजरातमधे हजारो एकरावर बिनमंजुरीचं बीटी उभं असल्याचं उघडकीस आलं, जाळून टाकायचा हुकूम निघाला, जाळलं फारसं कोणी नाही, आणि २६ मार्च २००२ ला दिल्लीच्या समितीनं तीन बीटी वाणांना मंजुरी दिली. ज्या राज्यांसाठी ही मंजुरी होती त्यात महाराष्ट्र होता.

इथेच तो निर्णय आहे ज्याच्यावर माझ्या मते सगळ्यात कमी बोललं गेलं. मंजूर झालेले तिन्ही वाण हायब्रीड होते, म्हणजे दोन वाणांच्या संकराचे, ज्यांचं बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागतं (सरळ वाणाचं घरी ठेवून पेरता येतं), आणि नंतरची पंधरा वर्षं जवळजवळ जे काही आलं ते हायब्रीडच आलं. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया सगळीकडे बीटी प्रामुख्यानं सरळ वाणात आहे, एवढ्या मोठ्या क्षेत्रावर हायब्रीडमधे फक्त आपल्याकडे. कंपन्यांचं म्हणणं होतं की १९७० ला गुजरातमधून पहिलं व्यापारी हायब्रीड आल्यापासून इथला शेतकरी हायब्रीडच लावतो, त्यात ताकद जास्त, बोंड मोठं, आणि दरवर्षी बियाणं विकलं गेल्याशिवाय संशोधनाचा खर्च निघत नाही. यातलं पहिलं खरं आहे, विदर्भात हायब्रीड आधीपासून होतं. पण घरची सरकी ठेवून पेरणारे पण होते आणि त्यांच्यासाठी पर्यायच ठेवला नाही. ४५० ग्रॅमची बॅग सुरुवातीला १६०० रुपयांच्या वर होती, २००६ मधे राज्य सरकारांच्या भांडणानंतर ती ७५० च्या आसपास आली, आणि एवढं महाग बियाणं म्हटल्यावर माणूस दाट लावणार कसा, चार-चार फुटावर एकेक बी टोबणार. मग झाड मोठं होऊ द्यायचं, हंगाम लांबवायचा, पाणी असलं की फरदड, म्हणजे वेचणीनंतर परत फुटणारं पीक, फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवायची. कोरडवाहू हलक्या जमिनीवर, जिथे सप्टेंबरनंतर पाऊस उघडला की झाड माना टाकतं, तिथे लवकर येणारं दाट लावायचं सरळ वाण जास्त बरं पडलं असतं. यवतमाळ-वर्ध्याची अर्ध्याहून जास्त पऱ्हाटी पावसाच्याच पाण्यावर आहे, हे दिल्लीत बसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट अजून बारीक आहे. हायब्रीडच्या एकाच पालकात बीटीचं जनुक असलं तर त्या झाडाच्या बोंडातली प्रत्येक सरकी सारखी नसते, एका जनुकाचा हिशोब धरला तर चारातल्या एका सरकीत बीटी नसतंच. हिरव्या बोंडअळीला त्यानं फार फरक पडत नाही. गुलाबी अळी मात्र बोंडात शिरून सरकीच खाते, तिला एकाच बोंडात विषाची आणि बिनविषाची सरकी शेजारी शेजारी मिळते, थोडं विष खाऊन जगणाऱ्या अळ्या वाचतात आणि त्यांचीच पिढी वाढते. वर ही अळी जवळपास फक्त कपाशीवर जगते. हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावर पण असते, आपल्या पऱ्हाटीत तुरीचे तास असतातच, त्या तुरीवर बीटी न खाल्लेल्या अळ्या तयार होत राहिल्या, विष पचवणाऱ्यांशी त्यांचाच संकर होत राहिला म्हणून हिरवी बरीच वर्षं आटोक्यात राहिली. गुलाबीसाठी बॅगेसोबत नॉन-बीटीचं १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट दिलं होतं, वावराच्या कडेनं लावायला. किती जणांनी लावलं? पाकीट धुऱ्यावर फेकलेलंच जास्त दिसायचं, आणि ते कशासाठी आहे हे दुकानदारानं पण कोणाला नीट सांगितलं नाही, पुढे ते बी बॅगेतच मिसळून द्यायची वेळ आली.

परिणाम क्रमानं आला. २००६ मधे दोन जनुकांचं बीजी-२ आलं, २०१० मधे गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या बीटीला गुलाबी अळी जुमानत नाही हे जनुक पुरवणाऱ्या कंपनीनंच मान्य केलं, २०१५ पर्यंत बीजी-२ पण गेलं, आणि २०१७ मधे आपल्याकडे वावरंच्या वावरं डोमकळ्यांनी (गुलाबी अळी लागून न उमलणाऱ्या फुलांनी) भरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ज्या जिवाणूमुळे फवारा कमी होणार होता त्याच्याच नावाचं पीक वाचवायला ही माणसं पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरली होती. हे विसरू नये.

सरळ वाणात बीटी आणायचा प्रयत्न झालाच नाही असंही नाही. २००९ मधे सरकारी संशोधनातून असं एक वाण विक्रीला आलं, बियाणं घरी ठेवता येईल असं, पण त्यात खाजगी कंपनीच्या जनुकाचा भाग सापडला आणि ते मागे घ्यावं लागलं. तेव्हा नागपूरपासून दिल्लीपर्यंत फार नाचक्की झाली. विशेष म्हणजे पहिल्या बीटीच्या त्या जनुकावर भारतात पेटंट नव्हतंच, रीतसर वापरता आलं असतं. सरकारी सरळ बीटी वाणं यायला २०१६-१७ उजाडलं, तोपर्यंत गुलाबी अळी पुढे निघून गेली होती.

आता गावात चर्चा असते ती चोर बीटीची, तणनाशक मारलं तरी न जळणाऱ्या पऱ्हाटीची. मंजुरी नाही, तरी निंदणाला बाई मिळत नाही, मजुरी परवडत नाही म्हणून लोक लावतात, २०१९ मधे अकोला जिल्ह्यात उघडपणे लावून सत्याग्रह पण झाला. त्यातही बीटीसोबत दुसऱ्या एका जिवाणूचं जनुक आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कारखान्याच्या सांडपाण्यात एक जिवाणू जिवंत सापडला, त्या औषधात राहून राहून तो त्याला पुरून उरला होता, त्याचंच जनुक काढून पिकात घातलं. जे त्या सांडपाण्यात जिवाणूनं केलं ते वावरातलं तण पण करू शकतं, परदेशात ग्लायफोसेटला न मरणारी तणं कित्येक वर्षांपासून आहेत, आणि मंजुरीवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी गुलाबी अळीचा हिशोब समोर ठेवून आधी याचं उत्तर द्यायला पाहिजे, की एकच औषध दरवर्षी त्याच वावरात मारलं तर हे बियाणं किती हंगाम टिकेल आणि त्यानंतर निंदणाचं काय करायचं.