मिलीओहम मोजणारी डबी

साध्या डिजिटल मल्टिमीटरचा नॉब २०० ओहमवर ठेवून दोन्ही प्रोबची टोके एकमेकांना टेकवली, तर पडद्यावर शून्य येत नाही, ०.३ किंवा ०.४ असा काहीतरी आकडा येतो, आणि टोके जरा जोराने दाबली की तो बदलतो. हा रोध मीटरच्या स्वतःच्या तारांचा, पिनांचा आणि टोकांच्या स्पर्शाचा असतो. १० किलोओहमचा रेझिस्टर तपासताना त्याने काहीच बिघडत नाही. मात्र रिलेचे संपर्क झिजले आहेत का, मोटरच्या वाइंडिंगचे काही फेरे आपसांत चिकटले आहेत का, हे प्रश्न बहुधा एका ओहमच्या आतले असतात, आणि तिथे मोजणाऱ्या तारांचाच रोध मोजायच्या वस्तूपेक्षा जास्त भरतो. सुरुवातीचा आकडा वजा करावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला अर्धवट वाटतो, कारण स्पर्शाचा रोध दर वेळी निराळा असतो.

या अडचणीवरचा उपाय दीडशे वर्षांहून जुना आहे. समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकण्याची धडपड चालू असताना ग्लासगो येथील विल्यम थॉमसन यांच्या १८५७ साली असे लक्षात आले, की निरनिराळ्या कारखान्यांतून आलेल्या, दिसायला सारख्याच असणाऱ्या तांब्याच्या तारांच्या वाहकतेत फार मोठा फरक असतो. हा फरक नेमका मोजायचा, तर तारेच्या लहान तुकड्याचा अगदी अल्प रोध जोडण्यांच्या रोधापासून वेगळा काढणे भाग होते. त्यासाठी १८६१ च्या सुमारास त्यांनी दुहेरी ब्रिजची, म्हणजे अल्प रोध तुलनेने मोजणाऱ्या मंडलाची, रचना मांडली. थॉमसन १८९२ साली लॉर्ड केल्विन झाले, आणि आज चार तारांच्या मोजणीलाही त्यांचेच नाव लावले जाते.

तिचे तत्त्व असे, की वस्तूमधून विद्युतप्रवाह सोडणाऱ्या दोन तारा वेगळ्या ठेवायच्या आणि वस्तूवरचा विद्युतदाब वाचणाऱ्या दोन तारा वेगळ्या. प्रवाह जर स्थिर राखलेला असेल, तर पहिल्या जोडीचा रोध कितीही असला तरी फरक पडत नाही. दुसऱ्या जोडीतून जवळजवळ प्रवाहच जात नाही. स्वस्तातल्या मीटरचाही अंतर्गत रोध दहा लाख ओहमच्या आसपास असतो. वस्तूवर २० मिलीव्होल्ट दाब असेल, तर वाचणाऱ्या तारांतून फक्त २० नॅनोअँपिअर वाहतात आणि ०.३ ओहमच्या तारेत त्यापायी ६ नॅनोव्होल्टची घट होते. मीटरची सर्वांत लहान पायरी ०.१ मिलीव्होल्टची, म्हणजे या घटीच्या सोळा हजारपटींहून मोठी असते.

मग घरी करायचे काम उरते ते स्थिर प्रवाहाचे. एलएम ३१७ हा तीन पायांचा रेग्युलेटर आपल्या आउटपुट आणि अॅडजस्ट या पायांत सुमारे १.२५ व्होल्टचा दाब कायम राखतो. या दोन पायांमध्ये १२ ओहमचा, एक टक्का अचूकतेचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडून अॅडजस्टच्या टोकापासून प्रवाह घेतला, की साधारण १०४ मिलीअँपिअर मिळतात. इनपुटला मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर चालतो. इनपुटच्या पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. हे सर्व सामान पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळते. प्रत्येक एलएम ३१७ चा हा दाब १.२ ते १.३ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणून प्रवाह मल्टिमीटरने एकदा मोजून, हे सगळे ज्या डबीत बसवायचे तिच्या झाकणावर लिहून ठेवावा. मीटर २०० मिलीव्होल्टवर ठेवला, की ०.१ मिलीव्होल्टची एक पायरी साधारण एका मिलीओहमची होते आणि दोन ओहमच्या किंचित आतपर्यंत मोजता येते.

प्रवाहाच्या दोन टोकांमध्ये परस्परविरुद्ध दिशेने दोन १एन ४००७ डायोड अवश्य जोडावेत. त्यांच्यामुळे या टोकांच्या, वस्तूला लावायच्या क्लिपा मोकळ्या असताना टोकांवरचा दाब पाऊण व्होल्टच्या आसपास थांबतो आणि तपासायच्या बोर्डावरील नाजूक भाग बचावतात. मोठ्या वाइंडिंगची क्लिप प्रवाह चालू असतानाच ओढली, तर बोटांना चांगलाच चटका बसू शकतो. आधी डबीचा स्विच बंद करावा, मग क्लिप काढावी. दाब वाचणारी टोके नेहमी प्रवाहाच्या क्लिपांच्या आतल्या बाजूला, थेट वस्तूवर टेकवावीत, कारण ती क्लिपांवरच टेकवली तर क्लिपांच्या स्पर्शाचा रोध पुन्हा मोजणीत शिरतो आणि चार तारांचा सगळा खटाटोप वाया जातो.

एक चूक मात्र चार तारांनीही जात नाही. दोन निरनिराळे धातू जिथे मिळतात, तिथे तापमानातील फरकामुळे सूक्ष्म दाब निर्माण होतो. तांबे आणि कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) यांच्या जोडीत तो दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट असतो, म्हणजे तीन अंशांच्या फरकाने आपल्या मोजणीत एका मिलीओहमची भर पडते. वस्तूतील प्रवाहाची दिशा उलटवून दुसरे वाचन घ्यावे आणि चिन्ह सोडून दोन्हींची सरासरी काढावी. उष्णतेचा दाब दिशा बदलत नाही, त्यामुळे तो सरासरीत कटतो.

डबी खरी बोलते की नाही, हे तपासायला तांब्याची तार पुरते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ मिलीओहम असतो आणि दर अंशाला ०.४ टक्क्याने वाढतो. दहा मीटर तारेवर १०४ मिलीअँपिअरला १८ मिलीव्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. उन्हाळ्यात थोडा जास्त. खात्रीच्या तारेवर तो जुळला, की हीच डबी दुकानातून आणलेल्या गुंडाळीवर लावून पाहावी. वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेवर आकडा त्याच लांबी-जाडीला सुमारे दीडपट येतो, आणि पदर कमी घातलेली तारही अशीच पकडली जाते.