ऐतिहासिक चित्रीकरणासाठी बंदुकांच्या प्रतिकृती : मागणी नोंदवण्यापूर्वीची माहिती

चित्रपट, मालिका आणि महानाट्यांसाठी आम्ही जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती भाड्याने देतो. त्यांतून गोळी सुटत नाही. जाळ आणि धूर यांची व्यवस्था आपल्या तंत्रज्ञांनी स्वतंत्रपणे करावयाची असते. मागणी नोंदवताना अनेकदा ‘लांब नळीची जुनी बंदूक’ एवढेच सांगितले जाते. परंतु लांब नळी सतराव्या शतकात होती तशी एकोणिसाव्या शतकातही होती. खरा फरक बार पेटवण्याच्या यंत्रणेत असतो, आणि नटाचे हात काय करणार व त्याला किती वेळ लागणार, हे त्या यंत्रणेवरच ठरते.

शिवकाळातील प्रसंगासाठी तोड्याचीच बंदूक घ्यावी, असा आमचा आग्रह असतो. त्या काळी मराठ्यांच्या पायदळात, विशेषतः कोकणातील हेटकऱ्यांच्या हाती, मुख्यतः हीच बंदूक होती. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती ज्योतीने जळत नाही, निखाऱ्यासारखी धुमसत राहते. नळीत दारू ओतून, गोळी टाकून, गजाने ठासून, कानाशी असलेल्या वाटीत रंजक, म्हणजे बार पेटवण्यासाठीची बारीक दारू, घातल्यावर चाप ओढला, की तोड्याचे पेटते टोक रंजकावर टेकते आणि बार उडतो. दारू ओतताना पेटता तोडा बंदुकीपासून दूर धरावा लागतो, पावसात तो विझू शकतो, आणि रात्री दबा धरून बसलेल्या माणसाची जागा त्याच्या लाल ठिपक्यामुळे उघड होते. दिग्दर्शकाला प्रसंग रचण्यासाठी एवढी सामग्री आयती मिळत असताना पडद्यावर न पेटवलेल्या तोड्याची बंदूक एकापाठोपाठ एक बार काढते, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी चकमकीची बंदूक पानिपतावर, म्हणजे 1761 मध्ये, इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींच्या हाती योग्य ठरते, तसेच पुढे महादजी शिंद्यांच्या पलटणींच्याही. तरीही तोड्याची बंदूक तेव्हा नाहीशी झालेली नव्हती. ती एकोणिसाव्या शतकातही वापरात होती, त्यामुळे सरसकट सर्वांना चकमकीची बंदूक देऊ नये.

1857 च्या प्रसंगांत 1853 च्या नमुन्याची एनफील्ड हवी. ती तोंडाकडून भरायची, .577 इंच व्यासाची, स्फोटक भरलेल्या छोट्या धातूच्या टोपीवर घोडा आपटून उडणारी बंदूक असून तिची नळी धातूच्या तीन कड्यांनी दस्त्याला जखडलेली असते. तिच्याऐवजी स्नायडर रायफल घेण्याचा मोह होतो, कारण ती एनफील्डमध्येच बदल करून बनवलेली होती. मात्र स्नायडर 1866 ची आहे आणि तिचे काडतूस मागून भरले जाते. त्यामुळे दातांनी कागदी काडतूस फाडण्याची कृती, जिच्याभोवती तो सारा असंतोष पेटला, तीच दृश्यातून निघून जाते. शिवाय एनफील्ड तेव्हा नुकतीच आली होती. बहुतेक देशी शिपायांकडे जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकाच होत्या, म्हणून समूहदृश्यासाठी दोन्ही प्रकार मिसळून घ्यावेत.

1909 मध्ये नाशिकला अनंत कान्हेरे यांनी तेथील कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंगचे होते. तेथे फिरत्या चक्राचे रिव्हॉल्व्हर चालणार नाही.

1962 च्या युद्धात आपल्या जवानांकडे प्रामुख्याने .303 ली-एनफील्ड होती. तिच्यासारखीच दिसणारी, ईशापूर येथे बनलेली 7.62 मिलिमीटरची रायफल नंतरची आहे. चौकोनी, जास्त खोल मॅगझिनवरून ती ओळखू येते. 1971 च्या युद्धासाठी एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) घ्यावी, आणि इन्सास ही भारतीय बनावटीची रायफल 1990 च्या दशकाआधी कोणाच्याही हाती देऊ नये.

मागणीसोबत प्रसंगाचे वर्ष, ठिकाण, पक्ष आणि पलटण कळवावी. बार भरण्याची कृती जवळून दिसणार असल्यास संहितेचे ते पान पाठवावे, म्हणजे गज, शिंगडा (दारू ठेवण्याचे शिंग), तोडा ही जोडसामग्री बरोबर देता येईल आणि नटांचा सराव चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी करून घेता येईल.