अलिंद तंतुकंपन असलेल्या रुग्णांतील हृदय पुनर्समक्रमण उपचार (सीआरटी)

हृदयाच्या दोन्ही निलयांना (खालच्या कप्प्यांना) जवळजवळ एकाच वेळी विद्युत्-संकेत देऊन त्यांचे आकुंचन पुन्हा एका तालावर आणणारा पेसमेकर उपचार. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डाव्या निलयातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ३५ टक्के किंवा त्याहून कमी असेल आणि ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉकमुळे (डाव्या निलयाकडे जाणाऱ्या वहनमार्गातील अडथळ्यामुळे) क्यूआरएस (निलयांच्या उद्दीपनाची लहर) रुंद झालेला असेल, तर या उपचाराचा लाभ सर्वांत जास्त होतो. अशा हृदयात दोन निलयांमधला पडदा आधी आकुंचन पावतो आणि डाव्या निलयाची बाहेरची भिंत मागे राहते. त्या भिंतीजवळच्या शिरेत कोरोनरी सायनस या हृदयाच्या मुख्य शिरेमार्गे एक लीड (यंत्राची विद्युत्-तार) बसवून हा विलंब भरून काढतात.

मिरॅकल (२००२) आणि केअर-एचएफ (२००५) या ज्या चाचण्यांनी सीआरटीला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत सायनस ताल (हृदयाचा नेहमीचा नियमित ताल) असलेलेच रुग्ण घेतले होते. प्रत्यक्षात हार्ट फेल्युअरच्या असंख्य रुग्णांना अलिंद तंतुकंपन, म्हणजे वरच्या कप्प्यांची (अलिंदांची) अनियमित थरथर, एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), असते. त्यांच्याबाबतचा पुरावा म्हणूनच तोकडा आहे. राफ्ट या सीआरटीच्याच आणखी एका चाचणीत कायमस्वरूपी एएफ असलेले २२९ रुग्ण होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विश्लेषणात सीआरटीचा ठोस फायदा दिसला नाही. मात्र सीआरटी मिळालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांतच ९५ टक्के किंवा अधिक ठोके यंत्राने दिलेले होते. त्यामुळे या निष्कर्षावरून उपचारच निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल.

अडचणीचे मूळ एव्ही नोडमध्ये, म्हणजे अलिंदांतले संकेत निलयांकडे सोडणाऱ्या केंद्रात, आहे. सायनस तालात यंत्र अलिंदाचा ठोका ओळखते आणि नैसर्गिक संकेत खाली पोहोचण्याआधीच निलयांना चालना देते. एएफमध्ये अलिंदांत अस्ताव्यस्त संकेतांचा गोंधळ असतो आणि त्यांतले काही एव्ही नोडमधून अनियमितपणे खाली उतरतात. असा संकेत यंत्राच्या आधी पोहोचला की तो ठोका जुन्याच, विस्कळीत मार्गाने पडतो. याहून फसवा प्रकार फ्यूजनचा. यंत्र स्पंद देते, पण तोवर निलयाचा काही भाग नैसर्गिक संकेताने आधीच उद्दीपित झालेला असतो. यंत्राचा गणक मात्र तो ठोका आपलाच धरतो. २००९ च्या एका छोट्या अभ्यासात एएफ असलेल्या १९ रुग्णांच्या यंत्रांवर ९० टक्क्यांहून अधिक पेसिंग (यंत्राने दिलेले ठोके) नोंदले गेले होते. बारा लीडच्या होल्टरने (अंगावर बांधून दीर्घकाळ ईसीजी नोंदणाऱ्या उपकरणाने) तपासल्यावर केवळ ९ जणांतच ते परिणामकारक आढळले. यंत्रावरच्या टक्केवारीवर विसंबून राहू नये, होल्टरही करावा, असे म्हणायला एवढे कारण पुरेसे आहे. २०११ च्या एका मोठ्या निरीक्षणात सर्वांत कमी मृत्युदर ९८.५ टक्क्यांहून अधिक पेसिंग असलेल्यांत दिसला.

बीटा ब्लॉकर किंवा डिगॉक्सिन ही गती मंदावणारी औषधे देऊनही नैसर्गिक ठोके आवरले नाहीत, तर एव्ही नोड अब्लेशन करतात. मांडीच्या शिरेतून कॅथेटर नेऊन रेडिओलहरींच्या उष्णतेने नोडचा वहनमार्ग कायमचा तोडला जातो. युरोपीय हृदयरोग संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार, एएफच्या ठोक्यांमुळे दोन्ही निलयांचे पेसिंग ९० ते ९५ टक्क्यांच्या खाली राहत असेल तर अब्लेशनचा विचार करावा. त्याच वर्षीच्या अपाफ-सीआरटी चाचणीत अरुंद क्यूआरएस आणि कायमस्वरूपी एएफ असलेले १३३ रुग्ण होते. अब्लेशन आणि सीआरटी मिळालेल्या गटात मृत्यू ११ टक्के, तर औषधांनी गती आवरलेल्या गटात २९ टक्के होते. चाचणी लहान असली तरी हा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही.

अब्लेशननंतर मागे फिरता येत नाही. रुग्ण आयुष्यभर पेसमेकरवर अवलंबून राहतो. लीड सरकणे किंवा बॅटरी संपणे त्याच्यासाठी थेट धोक्याचे असते. हे त्याला व घरच्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवे. ठोके एकदम मंदावल्यास निलयांत घातक अतालता (ठोक्यांच्या तालाचा बिघाड) उद्भवू शकते, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे पेसिंगची गती मुद्दाम जास्त, मिनिटाला ८० ते ९० च्या आसपास, ठेवतात.

हृदयाच्या नैसर्गिक वहनमार्गालाच थेट चालना देणे हा दुसरा पर्याय. २००० साली अमेरिकेत प्रमोद देशमुख व सहकाऱ्यांनी हिस बंडलचे (एव्ही नोडखालच्या वहनतंतूंच्या जुडीचे) कायमस्वरूपी पेसिंग प्रथम वर्णिले, तेही जुनाट एएफ आणि प्रसरण पावलेले हृदय असलेल्या रुग्णांतच. पुढे २०१७ मध्ये चीनमधून वर्णिलेले लेफ्ट बंडल ब्रांच पेसिंग (त्या जुडीच्या डाव्या फांदीला चालना देणे) तांत्रिकदृष्ट्या सोपे असल्याने अधिक पसरले.

यांपैकी कोणत्याही उपायाने अलिंदातले तंतुकंपन थांबत नाही. रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका तसाच राहतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधे यंत्र बसवल्यावर किंवा अब्लेशननंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.